मुक्या नायकाला वाचा द्यावी काय?



इतिहासावर बोलावयास उभा राहिलेला वक्ता पोराटोरांच्या खेळापासून आरंभ करू लागला, तर पुढच्या रांगेतील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतील, हे मी जाणून आहे. तथापि आजचा विषय मला सापडला तो एका खेळावरच्या भांडणात, आणि ते भांडण झाले आमच्या नेरळच्या घराच्या ओट्यावर. परीक्षा संपल्या होत्या, ऊन मी म्हणत होते, आणि माझा नातू व त्याचा एक मित्र एका व्हिडिओ गेममधल्या नायकावरून हमरीतुमरीवर आले होते. जो नायक इतकी वर्षे तोंडातून चकार शब्द काढीत नव्हता, त्याला नव्या भागात कुणा नटाचा आवाज द्यावा की देऊ नये, असा तो वाद. मित्र म्हणे, द्यावा. खांबासारखा उभा राहणारा नायक कसला? नातू म्हणे, मुळीच देऊ नये. आता आहे तो मी आहे, बोलू लागला की तो कोणी दुसरा होईल. मी हे सारे कानाआड करणार होतो, पण हे शेवटचे वाक्य मनात राहिले.

ज्यांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पडद्यावर एक नायक असतो आणि खेळणारा त्याला चालवतो. त्याने कुठे जावे, कुणाशी लढावे, हे खेळणाऱ्याच्या हाती. १९८६ साली जपानात निघालेल्या 'झेल्डा' या खेळातला लिंक नावाचा नायक असाच मुका आहे. २०१७ च्या भागात भोवतालची पात्रे नटांच्या आवाजात बोलतात, हा मात्र गप्पच. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मधला गॉर्डन फ्रीमन हा शास्त्रज्ञही तसाच. उलट 'डेड स्पेस' या खेळातला अभियंता २००८ साली कण्हण्या-ओरडण्यापलीकडे बोलत नसे, तो २०११ च्या दुसऱ्या भागात बोलू लागला आणि लोकांना आवडला. २०२३ साली पहिला भाग नव्याने केला तेव्हा तिथेही त्याला वाचा देण्यात आली. 'फॉलआउट' या मालिकेचे नेमके उलटे झाले. २०१५ च्या चौथ्या भागात नायकाला आवाज दिला, परंतु प्रत्येक वाक्य नटाकडून वदवून घ्यायचे म्हटल्यावर उत्तरांची संख्या आटोक्यात ठेवावी लागली. दर वेळी चारच पर्याय. खेळणारे कुरकुरले. त्याच कंपनीने २०२३ साली 'स्टारफील्ड' काढला तेव्हा नायक पुन्हा मुका केला.

हे ऐकून मला वाटले, ही पोरे ज्यावर भांडत आहेत तो प्रश्न आपल्या लोकांनी नव्वद वर्षांपूर्वी एकदा भोगून टाकला आहे. नेरळहून रोज सकाळी ज्या मुंबईला आपली माणसे लोकलने जातात, त्याच मुंबईत, आणि तिकडे नाशिक-कोल्हापुरात, पडद्यावरचे मुके नायक चार-पाच वर्षांच्या आत बोलते करण्यात आले. कोण बोलू शकला, कोण नाही, आणि कुणाचे बोलणे आपण मानले, हा इतिहास आपल्याच घरचा आहे.

आरंभी एक शब्द बाजूला ठेवतो. 'मूकनायक' म्हटले की मराठी माणसाला १९२० च्या ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेले पाक्षिक आठवते, आणि ते योग्यच आहे. तिथे मुक्यांचा कैवार घेऊन बोलणारा नायक अभिप्रेत होता. आज मी बोलणार आहे तो स्वतःच मुका असलेल्या नायकाविषयी. पण दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला, हा धागा दोहींकडे आहेच.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. हरिश्चंद्र झाले होते दत्तात्रय दामोदर दाबके, आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके, जे त्यापूर्वी मुंबईत एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. नाटकात पुरुष स्त्रीभूमिका करीतच. परंतु तिथे गळा लागे, संथा लागे, वर्षानुवर्षांची तालीम लागे. अण्णा साळुंक्यांना यातले काही लागले नाही. सडपातळ अंगकाठी आणि नाजूक हात एवढ्या भांडवलावर ते हिंदुस्थानच्या पहिल्या कथापटाची नायिका झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त तर त्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! जरा विचार करा. एकाच माणसाला पाहून लोकांनी रामालाही हात जोडले आणि सीतेसाठीही डोळे पुसले. हे साधले केवळ मौनामुळे. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडले असते, तरी सारा डोलारा तिथेच कोसळता.

मूकपट अगदी नि:शब्द नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. मधूनमधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, पडद्याखाली पेटी-तबला वाजे, आणि प्रेक्षक तर कधीच गप्प नसत. माझे आजोबा तरुणपणी जत्रेतल्या तंबूत असे चित्रपट पाहात. चार बुके शिकलेले म्हणून त्यांना पुढे बसवीत आणि पाटी आली की त्यांनी ती मोठ्याने वाचायची. ते पाटी जशीच्या तशी कधीच वाचीत नसत. रावणाची पाटी आली की गावातल्या एका सावकाराचा आवाज काढीत. सीतेची आली की माझ्या पणजीचा. समोर आगरी, कुणबी, ठाकूर असे सगळे बसलेले; ज्याला जशी बोली कळेल तशी ते फिरवीत. म्हणजे त्या मुक्या रामाला त्या रात्री त्या तंबूत आमच्या मुलखाची बोली होती, आणि दुसऱ्या दिवशी घाटावरच्या गावी त्याच रामाला तिकडची बोली मिळत असणार. मुका नायक वास्तविक मुका नसतोच. जितके गाव तितके त्याचे आवाज असतात, आणि ते आवाज पाहणाऱ्यांचे असतात. माझ्या नातवाचे 'तो मी आहे' हे वाक्य आजोबांना चटकन कळले असते.

जपानात तर हे पाटी वाचणारे लोक मोठे कलावंत मानले जात. त्यांना 'बेन्शी' म्हणत. नटापेक्षा बेन्शीच्या नावावर लोक तिकीट काढीत. बोलपट आले आणि हा सारा धंदा बसला. पुढे जगप्रसिद्ध झालेला दिग्दर्शक अकिरा कुरोसावा याचा थोरला भाऊ बेन्शी होता; १९३३ साली त्याने जीव दिला. आपल्याकडे पाटी वाचणारे बहुधा हौशी असल्याने त्यांचे कुणी नाव ठेवले नाही, परंतु पडद्याखालच्या पेटीवाल्याचे, तबलजीचे पोट त्यावर होते, आणि नायकाला वाचा फुटली त्या दिवशी त्यांची वाद्ये गुंडाळली गेली.

मुक्या नायकाला सरकार भीत नसे असेही समजू नये. प्रभात कंपनीने १९३० साली शिवाजी महाराजांवर मूकपट काढला, महाराज झाले होते व्ही. शांताराम. चित्राचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण'. त्या नावातले स्वराज्य सरकारच्या डोळ्यांत खुपले, आणि चित्र बाहेर आले ते 'उदयकाल' या नावाने. पडद्यावरचा शिवाजी एक शब्द उच्चारीत नव्हता, तरी अंधारात बसलेले लोक त्याच्या तोंडी कोणते शब्द घालतील हे इंग्रजाला बरोबर ठाऊक होते.

आता १४ मार्च १९३१ चा दिवस. मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला, हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याचा नायक कोण? मास्टर विठ्ठल! हे नाव आज तरुण मंडळींना ठाऊक नसेल, पण मूकपटांच्या उत्तरकाळात तलवारबाजीच्या चित्रांचा हा अनभिषिक्त राजा होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्याची उमेदवारी झाली, आणि मुंबईच्या शारदा कंपनीने त्याला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. 'आलम आरा'साठी तो शारदा सोडून गेला तेव्हा कंपनीने त्याच्यावर करारभंगाचा दावा लावला. मास्टर विठ्ठलची बाजू मांडली बॅ. महंमद अली जिनांनी, आणि दावा विठ्ठलने जिंकला. एका मराठी नटाच्या घोड्यावर बसण्याला आणि तलवार फिरवण्याला किती मोल होते, ते यावरून ध्यानात यावे.

परंतु कोर्टात जिंकलेला हा वीर ध्वनियंत्रापुढे हरला. चित्राची भाषा हिंदुस्थानी, उर्दूच्या वळणाची. विठ्ठलची जीभ कोल्हापूरची. यावर जी युक्ती काढण्यात आली ती चित्रपटाच्या इतिहासकारांनी नमूद करून ठेवली आहे : नायकाला बराचसा वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवायचे, म्हणजे त्याला बोलावे लागणार नाही. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुका! भोवती सारे बोलत आहेत, गात आहेत, सात गाणी आहेत, पहिले गाणे फकिराच्या वेषात वजीर महंमद खान गात आहेत, आणि ज्याच्या नावावर तिकिटे विकली तो ग्लानीत. 'आलम आरा'ची प्रत आज कुठे उपलब्ध नाही, त्यामुळे विठ्ठल त्यात किती बोलला हे आपण कानांनी ताडून पाहू शकत नाही. पुढे मराठी बोलपटांत त्याने भूमिका केल्या, पण पहिल्यासारखा दरारा राहिला नाही.

मला या प्रसंगात विनोदापेक्षा खेद अधिक वाटतो. विठ्ठल मुका होता तोवर तो पेशावरच्या प्रेक्षकाला पेशावरचा, मद्रासच्या प्रेक्षकाला मद्रासचा, आणि गिरणगावातल्या मजुराला आपल्या गावचा वाटत असे. बोलू लागताच तो एका जिल्ह्याचा झाला. आवाज मिळाला म्हणजे माणसाला भाषा मिळते, भाषेबरोबर मुलूख, जात, शाळेत गेला की नाही हे सारे मिळते. ते चित्रात आधीपासून नव्हते असे नाही, पण झाकलेले होते. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स हिने तर सुमारे वर्षभर काम थांबवून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि मग ती बोलपटात परतली. तिला शिकण्यास अवकाश मिळाला. सर्वांनाच तो मिळाला असे नाही.

दुसरी बाजू सांगितली नाही तर मी पक्षपाती ठरेन. 'आलम आरा'नंतर वर्षभरातच, १९३२ साली, प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला, मराठीत आणि हिंदीत. म्हणजे जो हरिश्चंद्र १९१३ साली फाळक्यांच्या पडद्यावर ओठ मिटून स्वप्नातले वचन पाळीत होता, तोच एकोणीस वर्षांनी मराठी बोलू लागला. दिग्दर्शक तेच व्ही. शांताराम. परंतु प्रभातकरांनी जुन्या हरिश्चंद्राच्या तोंडात शब्द कोंबले नाहीत. त्यांनी माणसेच नवी आणली. राजा झाले गोविंदराव टेंबे, पेटीवरचा नामांकित हात आणि संगीत रंगभूमीवर वावरलेला गळा. तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. स्वयंपाकी पुरुषाच्या जागी सुशिक्षित घरातली स्त्री आली, आणि तारामतीला प्रथमच बाईचा आवाज मिळाला. या एका गोष्टीसाठी मी बोलपटाचे शंभर अपराध पोटात घालावयास तयार आहे. मौनात प्रेक्षकाला जागा होती हे खरे, पण त्या मौनाच्या आडोशाने एक संपूर्ण स्त्रीजात पडद्याबाहेर राहू शकत होती हेही तितकेच खरे.

खुद्द फाळक्यांचे काय झाले? त्यांचा 'सेतुबंधन' हा शेवटचा मूकपट. १९३२ साली तो तयार झाला तेव्हा बोलपटाची लाट थिएटरांच्या दारात येऊन ठेपली होती. न बोलणारे चित्र कुणी घेईना. तेव्हा घेतलेल्या चित्रालाच मागाहून आवाज जोडण्यात आला आणि १९३४ च्या सुमारास ते बोलपट म्हणून पुन्हा बाहेर काढले गेले. माझ्या नातवाच्या आणि त्याच्या मित्राच्या भांडणाचा हा अगदी शब्दशः नमुना : नायक आधी मुका कल्पिला, मुका वागवला, आणि मग बाजाराच्या रेट्याने त्याला परका कंठ बसवला. यात अडचण केवळ ओठ जुळण्याची नसते. मूकपटाचा नट साऱ्या अंगाने बोलत असे. संताप दाखवायचा तर खांद्यापासून बोटापर्यंत संताप. त्यावर आणखी शब्दही घातले की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते. शिवाय हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे घेत, बोलपटाला चोवीस लागतात. जुने चित्र नव्या वेगाने पळवले की माणसे धावत सुटतात. एकूण 'लंकादहना'चे, 'कालियामर्दना'चे नाव आज जसे निघते तसे 'सेतुबंधना'चे निघत नाही. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी फाळक्यांनी 'गंगावतरण' हा एक बोलपट केला, आणि तेथे त्यांची चित्रनिर्मिती थांबली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले.

बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाशा'ची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. १९२५ सालचा हा मूकपट. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावलेला आणि शहरात गिरणीची वाट धरणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम. देवादिकांच्या आणि तलवारींच्या त्या काळात असा विषय निवडणे हेच धाडस होते. पेंटरांनी स्वतः १९३६ साली त्याचा बोलपट केला. दिग्दर्शक तोच, कथा तीच. तरी तो पहिल्याच्या तोडीचा उतरला नाही, असेच जाणकार लिहीत आले आहेत. याचे कारण आपल्या तालुक्यातल्या माणसाला निराळे सांगावे लागू नये. माथेरानच्या भाई कोतवालांनी, म्हणजे सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेल्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांनी, शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून याच भागात धान्यकोठ्या उभ्या केल्या. ज्या शेतकऱ्यांसाठी त्या उभ्या राहिल्या, त्यांनी सावकारापुढे काय भाषणे केली असतील? अंगठा उठवताना कोण बोलतो? त्या कथेतल्या शेतकऱ्याचे गप्प बसणे ही यंत्राची उणीव नव्हतीच. त्याच्या पिढ्यांचा तो स्वभाव होता. त्याला संवाद दिले, आणि तो थोडा खोटा झाला.

तेव्हा माझे मत असे बनले आहे. मौन दोन जातींचे असते. एक यंत्राने लादलेले : अण्णा साळुंक्यांच्या तारामतीचे. ते गेले ते बरेच झाले. दुसरे पात्राच्या घडणीतले. ते काढायचे असेल तर पात्र पायापासून नवे बांधले पाहिजे, टेंब्यांचा हरिश्चंद्र बांधला तसे. चार्ली चॅप्लिनला हे पक्के ठाऊक होते. सगळे जग बोलू लागल्यावरही १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मध्ये त्याने आपल्या भटक्याला मुका ठेवला. १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये त्याचा आवाज ऐकवला तो कोणत्याच भाषेचे नसलेले गाणे म्हणवून. आणि १९४० च्या 'ग्रेट डिक्टेटर'मध्ये स्वतः घडाघडा बोलला, पण तो भटका त्यानंतर पुन्हा पडद्यावर आणला नाही.

आता आपल्या अंगणातल्या एका नायकाविषयी, म्हणजे नेताजी पालकरांविषयी. शिवाजी महाराजांचे सरनौबत, लोक ज्यांना प्रतिशिवाजी म्हणत. त्यांचे जन्मगाव मानतात ते खालापूर तालुक्यातील चौक, येथून काही फार दूर नाही. शांतारामांनी दिग्दर्शक म्हणून केलेले पहिलेच चित्र १९२७ सालचे 'नेताजी पालकर', अर्थात मूकपट. आणि १९३९ साली भालजी पेंढारकरांनी त्याच नावाचा बोलपट काढला. बारा वर्षांच्या अंतराने एकच वीर आधी मुका आणि मग बोलका.

ऐतिहासिक बोलपटांनी आपल्या वीरांना एक ठरीव भाषा दिली. ती खणखणीत आहे, तिने आमच्या पिढीच्या अंगावर रोमांच उभे केले, मी तिचा ऋणी आहे. परंतु खऱ्या नेताजींच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट आहे. १६६६ साली पन्हाळ्याच्या मोहिमेत ते वेळेवर पोहोचले नाहीत, महाराजांची मर्जी गेली, आणि ते आधी विजापूरकरांकडे व मग मोगलांकडे गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्यांना कैद करून उत्तरेत नेले. १६६७ साली त्यांचे धर्मांतर झाले, महंमद कुलीखान असे नाव मिळाले, आणि काबूलकडच्या मोहिमांवर त्यांची रवानगी झाली. १६७६ साली ते परत आले, आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. इतके मोठे आयुष्य, आणि त्यांना त्या वेळी काय वाटले, महाराजांना सोडताना काय, नाव बदलताना काय, दहा वर्षांनी रायगडी तोंड दाखवताना काय, यातले त्यांच्या स्वतःच्या तोंडचे असे आपल्या हाती काहीही नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले आहे. नेताजी इतिहासातच मुके आहेत.

नाटककार, चित्रपटकार त्यांना बोलायला लावतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ज्या क्षणी नेताजी पडद्यावर 'मी गेलो कारण' असे वाक्य उच्चारतात, त्या क्षणी एक उलगडा पक्का होतो आणि बाकीचे सारे मिटतात. दहा हजार मुले तेच कारण घेऊन घरी जातात. मूकपटात शांतारामांच्या नेताजीकडे पाहणारा प्रेक्षक निदान स्वतःचे कारण स्वतः शोधून घरी नेत असेल.

त्याच खालापूर तालुक्यात चौकजवळ २००५ साली नितीन देसाईंचा स्टुडिओ उभा राहिला, तिथे 'राजा शिवछत्रपती' मालिकेचे किल्ले रचले गेले, आणि आपल्या गावची कितीतरी मुले मावळे म्हणून दिवसाच्या रोजावर उभी राहिली. त्यांना संवाद नसत. 'हर हर महादेव' एवढेच काय ते. उद्या यांच्यातलाच कुणी संगणकावर नेताजींचा खेळ करील, नाही असे नाही. माझ्या नातवाच्या डोक्यात ते आहे, असा मला संशय आहे, कारण परवा त्याने मला पन्हाळ्याची वाट विचारली. त्याला मी म्हटले, लढाईच्या हाका, घोड्याला दिलेला दम, शिलेदाराला केलेला हुकूम यांना आवाज दे. काबूलला मात्र त्याला गप्प बसव आणि खेळणाऱ्याला वाट पाहू दे. त्याने विचारले, हुकूम कोणत्या भाषेत? शाळेच्या पुस्तकातली भाषा त्याला नको होती, सिनेमातलीही नको होती. मी त्याला चौकच्या एका म्हातारबाबांचे घर दाखवले. ते शेतावर गडी हाकताना जे बोलतात, ते तो सध्या मोबाइलवर उतरवून घेतो आहे.